डांबर, मोती आणि गज्जर सर

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलायचो, पण लिहायला बसलं की वेलांटी पहिली की दुसरी इथेच पेन अडतं. त्यामुळे मराठी विभागासाठी काहीतरी दे असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी सरळ नाही म्हणाले होते. मग आमच्या मेसच्या मावशींच्या मुलीने मला एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही. त्या उत्तराच्या मागे जाता जाता एका शिक्षकाची ओळख झाली. ते जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली. त्यांच्याबद्दल मराठीतच लिहायला हवं असं वाटलं, का ते पुढे कळेलच.

आमचं हॉस्टेल पिंपळे गुरवमध्ये. डायनासोर गार्डनच्या बाजूला कधी आलात तर संध्याकाळी पाणीपुरीच्या गाडीभोवती आमचंच पब्लिक दिसेल. मावशींची मुलगी दहावीत, मराठी माध्यमात. तिला सायन्समध्ये, त्यातही केमिस्ट्रीत, फार कमी मार्क पडले. मावशींनी मला विचारलं, तू इंजिनिअरिंगला आहेस तर रविवारी तास-दोन तास हिला बघशील का? मी मोठ्या रुबाबात हो म्हटलं.

पहिले तीन रविवार अगदी फ्लॉप गेले. मी म्हणायची प्रेसिपिटेट, तिच्या पुस्तकात अवक्षेप. मी म्हणायची न्यूट्रलायझेशन, ती म्हणायची उदासिनीकरण. दोघींना आपापला शब्द तोंडपाठ आणि दोघींनाही तो डोळ्यांसमोर दिसत नव्हता. चौथ्या रविवारी मी प्रयोग करायचं ठरवलं. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर व्हिनेगर टाकलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, असं ठासून सांगितलं आणि कॉलेजमधून आणलेल्या खडूवर व्हिनेगर ओतलं. खडू नुसता भिजला. बुडबुडा एक नाही! नंतर कळलं की आजकाल फळ्यावरचे पांढरे खडू बहुतेक जिप्समचे असतात, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे. त्या दिवशी मात्र ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी व्हिनेगरच्या बाटलीकडे.

चेहरा लपवायला मी तिला फिरायला नेलं. चिंचवडला चापेकर चौकात गेलो. तिथली शिल्पं आपण बसमधून रोज बघतो आणि पुढे जातो. तिने मात्र दामोदर चापेकरांबद्दल कुठेतरी वाचलेलं होतं. रँडचा वध २२ जून १८९७चा. त्याच्या आधी, १८९६मध्ये, दामोदरने मुंबईत फोर्टमधल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली होती. हे सगळं सांगून झाल्यावर तिने तो प्रश्न विचारला. पुतळा संगमरवरी होता ना ताई? मग डांबर निघालं कसं?

आता बघा. मी एफ.ई.ला इंजिनिअरिंग केमिस्ट्री पास झालेली आहे. पाण्याचा हार्डनेस, ई.डी.टी.ए.चं टायट्रेशन, वाइन रेडचा निळा होणारा रंग, सगळं जर्नलमध्ये सबमिट केलेलं आहे. पण संगमरवरावरचं डांबर कसं काढायचं हे मला सांगता येईना. शोधून सांगते म्हटलं. शोधलं आणि सापडले ते प्रोफेसर त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर.

गज्जर सरांचा जन्म १८६३चा, गाव सुरत. गज्जर हे गुजरातेत सुतारांचं आडनाव. म्हणजे पुस्तकाच्या आधी रंधा आणि पटाशी ज्या घरात दिसते, त्या घरातला हा मुलगा. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला आणि रसायनशास्त्रात पडला. त्या काळी सायन्स शिकलेला माणूस बहुधा सरकारी नोकरी बघायचा. गज्जर बडोद्याला गेले आणि कॉलेजात शिकवू लागले.

बडोद्याला तेव्हा सयाजीराव गायकवाडांचं राज्य होतं. हे महाराज मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, दत्तक जाऊन राजे झालेले. नवीन काही करू पाहणाऱ्या माणसाला जवळ करायची त्यांना हौस होती. गज्जरांच्या डोक्यात एक विचार घोळत होता. जर्मनीत कोळशाच्या डांबरापासून रंग तयार होत होते. १८५६मध्ये पर्किनने मॉव्ह हा जांभळा रंग बनवला. १८६८मध्ये मंजिष्ठेच्या मुळाचा लाल रंग, अलिझरिन, प्रयोगशाळेत तयार करण्याची रीत निघाली. हे स्वस्त रंग आपल्या बाजारात ओतले जात होते. आणि आपला रंगारी? पिढ्यान् पिढ्या त्याच्या हातात कसब होतं. तुरटीच्या पाण्यात कापड आधी बुचकळलं तर रंग पक्का बसतो हे त्याला माहीत होतं. पण असं का होतं ते माहीत नव्हतं, त्यामुळे नवा रंग आला की तो गोंधळायचा. उलट कॉलेजात शिकलेल्या मुलाला ‘का’ पाठ होतं, पण त्याने कधी कापड रंगवलेलं नसायचं.

हे वाचलं तेव्हा मला आमचे चार रविवार आठवले. पाठ दोघींचं, समज कुणाचीच नाही. फरक एवढाच, की गज्जरांनी त्यावर उपाय केला.

१८९०मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झालं आणि गज्जर त्याचे प्रिन्सिपल झाले. तेव्हा त्यांचं वय होतं २७. आपल्यापेक्षा जेमतेम सात वर्षांनी मोठे! चित्रकला, सुतारकाम, यंत्रकाम, विणकाम, रंगकाम असे विषय. रंगाच्या कामासाठी जर्मनीतून माणूस बोलावला. पण सगळ्यात वेगळी गोष्ट अशी, की शिकवायचं ते मुलांच्या भाषेत. ज्याला इंग्रजी येत नाही त्या कारागिराच्या मुलाला रसायनशास्त्र कळणार नाही, हे गज्जरांना मान्य नव्हतं. त्यासाठी पुस्तकं हवीत, तर ती तयार करून घेतली. शब्द हवेत, तर शब्द जुळवायला बसले. महाराजांनी पैसा दिला. रंगकामावर ‘रंगरहस्य’ नावाचं नियतकालिकही त्यांनी काढलं.

मित्रांनो, इथे थांबून एक गोष्ट सांगते. देशी भाषेत शिकवायचं म्हणजे सोपं करून, पाणी घालून शिकवायचं, असा माझा समज होता. कॉन्व्हेंटच्या मुलीचा असतोच. पण कलाभवनात जर्मनीतलं सगळ्यात नवीन रसायनशास्त्र आणि सुरतेच्या रंगाऱ्याची भाषा एकाच वर्गात आणायची होती. हे सोपं नाही, उलट अवघड आहे. इंग्रजी शब्द फेकला की शिक्षकाची सुटका होते. मॉर्डंट म्हणा आणि पुढे चला. पण तुरटी कापडाच्या धाग्याला धरते आणि रंगालाही धरते, म्हणून धुतल्यावर रंग जात नाही, हे मुलाच्या भाषेत सांगायचं तर आधी शिक्षकाला ते नीट समजलेलं पाहिजे. मला अवक्षेप समजावता येत नव्हता याचं कारण भाषा नव्हतं. मलाच तो कळलेला नव्हता.

गज्जरांची शिकवायची दुसरी एक पद्धत त्यांच्या एका विद्यार्थ्यावरून कळते. नाशिककडचा एक तरुण मुंबईचं जे. जे. स्कूल करून बडोद्याला आला. त्याला चित्रं काढायची होती, फोटो काढायचे होते, नाटकाच्या स्टेजचं मॉडेल करायचं होतं, सगळंच करायचं होतं. आजच्या भाषेत फोकस नसलेला मुलगा. गज्जरांनी त्याला एका चाकोरीत बसवलं नाही. ब्लॉक तयार करणं, फोटोलिथो, डार्करूममधली छपाई या सगळ्याचं पुढचं शिक्षण आपल्यापेक्षा दुसरा कुणी चांगलं देऊ शकतो हे त्यांनी ओळखलं आणि त्याला रतलामला बाबूलाल वरूवळकर यांच्याकडे पाठवलं. तो मुलगा म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके! डार्करूम म्हणजे तरी काय, चांदीच्या क्षारांची केमिस्ट्रीच ना. उजेड पडला की सिल्व्हर ब्रोमाइडमध्ये बदल होतो, डेव्हलपरमध्ये त्याची काळी चांदी होते. आपल्या सिनेमाच्या मुळाशी एक केमिस्ट्रीचा प्रिन्सिपल उभा आहे हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

आपला विद्यार्थी दुसऱ्या गुरूकडे पाठवणं वाटतं तेवढं सोपं नसतं. त्यासाठी शिक्षकाला स्वतःचा मोठेपणा बाजूला ठेवावा लागतो.

१८९६मध्ये गज्जर बडोदा सोडून मुंबईला आले, विल्सन कॉलेजात केमिस्ट्रीचे प्रोफेसर म्हणून. गिरगाव चौपाटीसमोरची ती दगडी इमारत आजही आहे. ते वर्ष मुंबईला फार वाईट गेलं. प्लेग आला. गज्जरांनी त्यावर आयोडीन ट्रायक्लोराइडचं औषध तयार केलं. प्लेगवर खरा उतारा मिळायला पुढे स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधं यावी लागली, जी नंतर आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही बनली. पण समोर माणसं मरत असताना आपल्याला येतं ते घेऊन पुढे व्हायचं, हा त्यांचा स्वभाव त्यातून दिसतो. याच प्लेगच्या वेळी पुण्यात रँडच्या कारभारामुळे लोक चिडले आणि चिंचवडचे चापेकर बंधू उभे राहिले. म्हणजे एकाच साथीत एका बाजूला प्रयोगशाळा तापत होती आणि दुसऱ्या बाजूला पिस्तूल.

आता त्या पुतळ्याकडे येते. राणीचा तो पुतळा १८७२मध्ये मुंबईत बसवलेला. तो भेट दिला होता बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी. पांढरा शुभ्र संगमरवर, त्यावर काळं डांबर. इतरांना तो डाग निघेना. काम अवघड का होतं हे मी आता सांगू शकते, कारण यावर दोन रात्री घालवल्या आहेत. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड लावलं तर डांबराला काही होणार नाही, पण दगड फसफसून विरघळेल आणि राणीचं नाक जाईल. खरवडलं तर ओरखडे पडतील. डांबर विरघळवणारं द्रावण नुसतं ओतलं तर पातळ झालेलं डांबर दगडाच्या बारीक छिद्रांत आणखी आत मुरेल आणि काळ्या ठिपक्याचा मोठा तपकिरी डाग होईल. म्हणजे डांबराला उचलणारं पण दगडाला न शिवणारं काहीतरी हवं, आणि ते किती वेळ ठेवायचं हेही कळायला हवं. गज्जरांनी तो डाग काढला. मुंबईभर त्यांचं नाव झालं.

पुढच्या रविवारी मी हे मोठ्या उत्साहाने मावशींच्या मुलीला सांगितलं. तिचा चेहरा पडला. म्हणाली, कशाला काढला? राहू द्यायचा होता!

खरं सांगते, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ला फासावर गेले. आम्ही त्यांच्या चिंचवडच्या शेजारी राहतो. त्यांनी जीव देऊन जे केलं ते एका प्रोफेसराने पुसून टाकलं, असं तिला वाटलं तर त्यात चूक काय? मावशी चपात्या लाटता लाटता म्हणाल्या, डाग पाडणं एकाचं काम, काढणं दुसऱ्याचं. मुलीला ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलं नाही. मी फक्त तिला गज्जरांची पुढची गोष्ट सांगितली.

मुंबईत गज्जरांनी स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली. कॉलेजच्या घंटेबाहेर विद्यार्थ्यांना हाताने काम करता यावं अशी ही जागा. तिथे बाजारातले प्रश्न टेबलावर यायचे. त्यातला एक होता मोत्यांचा. जुने मोती पिवळे पडतात, काळवंडतात आणि किंमत घसरते. मुंबई तेव्हा मोत्यांची मोठी पेठ. गज्जरांनी मोती पुन्हा पांढरे करायची रीत शोधली आणि त्यातून त्यांना चांगला पैसा मिळाला. गंमत बघा, मोतीसुद्धा कॅल्शियम कार्बोनेटच! शिंपल्यातल्या जिवाने थरावर थर चढवून केलेला. म्हणजे राणीचा पुतळा आणि राणीच्या गळ्यातले मोती, केमिस्ट्रीच्या वहीत दोन्ही एकाच फॉर्म्युल्याचे. जो डांबर काढताना संगमरवराला जपू शकतो तोच मोत्यालाही जपू शकणार.

आणि मग १९०७. स्वदेशीचे दिवस. परदेशी कापडाच्या होळ्या होऊन दोन वर्षं झाली होती. विलायती औषधं नकोत म्हणणं सोपं होतं, पण मग देशी औषध आणायचं कुठून? गज्जर आणि त्यांच्या तालमीतले कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी मिळून अलेंबिक ही कंपनी उभी केली. अलेंबिक म्हणजे अर्क काढायचं जुनं यंत्र, आपलं भबका म्हणतात ते. बडोद्यातला हा कारखाना देशातल्या सुरुवातीच्या औषध कारखान्यांपैकी एक. शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना सर्टिफिकेट देऊन निरोप दिला नाही, तर त्यांच्यासोबत कारखाना काढला. आपल्याकडे प्लेसमेंटसाठी जी धावपळ चालते ती बघता हे वाचून जरा गप्पच व्हायला होतं.

हे ऐकून मावशींची मुलगी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, म्हणजे त्यांनी राणीचा पुतळा धुतला पण राणीचं दुकान बंद करायलाही बघितलं. मला यापेक्षा चांगलं वाक्य सुचलं नसतं. तरी शेवटी ती म्हणालीच, की तिला दामोदरच जास्त आवडतो. असू दे.

गज्जर १९२०मध्ये गेले. त्यांच्या मोत्यांचं पुढे काय झालं ते जवाहिऱ्यांना ठाऊक. पण कलाभवन उभं आहे. १९४९मध्ये बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्याच्या इंजिनिअरिंग फॅकल्टीत सामील झालं. म्हणजे ज्या जागी सुताराच्या आणि रंगाऱ्याच्या मुलांना त्यांच्या भाषेत शिकवायला सुरुवात झाली, तिथे आज आपल्यासारखीच मुलं सबमिशनसाठी रात्री जागत असतात. पैसा मोत्यांनी दिला, पण मागे राहिलं ते शिकवणं.

आता माझ्या क्लासचं सांगते आणि थांबते. पाचव्या रविवारी मी पुस्तक उघडलंच नाही. आमच्या हॉस्टेलला उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं. गरम पाण्याच्या बादलीत हीटरच्या कॉइलवर पांढरं कवच जमतं, ते तुम्ही सगळ्यांनी बघितलं आहे आणि शिव्याही दिल्या आहेत. ते कवच मी चमच्याने खरवडून वाटीत घेतलं आणि तिच्या हाताने त्यावर लिंबू पिळायला लावलं. फस्स! भरपूर बुडबुडे. खडूने जे दिलं नाही ते हीटरने दिलं. मी एफ.ई.ला बॉयलर स्केलवर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, पण ते रोज माझ्याच बादलीत होतं हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मग निघणारा गॅस चुन्याच्या निवळीत सोडायचा होता. मी म्हटलं लाइम वॉटर, ते आणायचं कुठून? मावशींनी पानाच्या डब्यातला चुना काढला, पाण्यात कालवला, रात्रभर ठेवला आणि वरचं निवळ पाणी अलगद काढून दिलं. म्हणून तिला निवळी म्हणतात! मला इतकी वर्षं तो एक अवघड मराठी शब्द वाटत होता. बाटली, स्ट्रॉ आणि थोडी कणीक लावून आम्ही जोडणी केली. निवळी दुधाळ झाली. मुलीने आईला समजावून सांगितलं, की आई, हवेतून गेलेला तो गॅस आणि तुझा चुना मिळून परत तेच पांढरं झालं, हीटरवरचं. तो पाण्यात तरंगणारा पांढरा गाळ म्हणजे अवक्षेप. एकही शब्द मी सांगितलेला नव्हता. मावशी वाटी उजेडात धरून बघत राहिल्या. चाळीस वर्षं चुना खाते, म्हणाल्या, पण हे नव्हतं माहीत.

तिच्या पूर्वपरीक्षेचे मार्क अजून यायचेत, त्यामुळे यशाची गोष्ट म्हणून हे सांगत नाहीये. पण आता गल्लीतली आणखी चार मुलं रविवारी येतात आणि मला एकटीला झेपत नाही. मेकॅनिकलवाल्यांनो, तुमची गरज आहे, कारण मागच्या आठवड्यात एकाने विचारलं की सायकलची चेन गंजते पण स्टीलचं ताट का गंजत नाही. शिकवायला फार मराठी यावं लागत नाही, हे माझ्याकडे बघून तुम्हाला कळलंच असेल. येताना खडू मात्र आणू नका. हीटरची जुनी कॉइल आणा.